कौन्सिलच्या सोशल केअरची तक्रार: नऊ महिने वापरल्यावर

इंग्लंडमध्ये दिव्यांग भावाची, नणंदेची किंवा मावशीची देखभाल कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) सोशल केअरमधून, म्हणजे देखभाल सेवेतून, चालत असेल, तर तिच्याबद्दल तक्रार करायची रीत २००९ च्या नियमांत ठरवून दिलेली आहे. नऊ महिने ती वापरल्यावरचं मत एवढंच: लेखी चालते, फोनवर कुचकामी. तोंडी तक्रारही नियमाने तक्रारच असते. पुढच्या कामाच्या दिवसाअखेर प्रश्न सुटला नाही, तर कौन्सिलने ती लिहून काढून प्रत द्यायची असते. पण फोनवर ‘वरती कळवतो’ एवढंच ऐकू येतं आणि नोंद सापडत नाही. म्हणून ईमेल करा, विषयात ‘फॉर्मल कम्प्लेंट’ लिहा.

बहुतेकांची गाडी अडते ती दोन गोष्टींची गल्लत झाल्याने. गरज वाढली असेल तर ती तक्रार नव्हे. केअर ॲक्ट २०१४ च्या कलम २७ खाली देखभालीच्या प्लॅनचा रिव्ह्यू, म्हणजे फेरआढावा, मागायचा. मंजूर झालेलं मिळत नसेल तर तक्रार. दोन्ही एकाच ईमेलमध्ये घातलं की रिव्ह्यूची तारीख मिळते आणि तक्रार तिथेच विरते. दोन वेगळे ईमेल पाठवा.

संमतीचंही तसंच. माणूस अठराच्या पुढे गेला की आईवडिलांनासुद्धा त्याच्या वतीने बोलायचा आपोआप हक्क नसतो. सहीचं संमतीपत्र पहिल्याच ईमेलला जोडा. त्याला या बाबतीत निर्णय घेण्याची क्षमता नसेल, तर तसं लिहून तुम्ही त्याच्या हितासाठी तक्रार करताय हे नमूद करा. नाहीतर फाइल संमतीच्या नावाखाली आठवडेच्या आठवडे पडून राहते.

खरं वजन पुराव्याला. केअर अँड सपोर्ट प्लॅनची, म्हणजे मंजूर देखभालीच्या लेखी आराखड्याची, प्रत समोर ठेवा (ती मिळणं हा हक्क आहे) आणि चार आठवडे वही चालवा: तारीख, ठरलेली वेळ, आल्या-गेल्याची वेळ, काय राहिलं. उदाहरणार्थ: ‘सकाळी ४५ मिनिटं, दोन केअरर. आली ८.४०, गेली ९.०२, एकटीच. हॉइस्टला (उचलण्याच्या यंत्राला) दोघी लागतात, म्हणून दुपारपर्यंत अंथरुणातच.’ अशा दहा ओळींपुढे ‘सेवा फार वाईट आहे’ हे दोन पानी पत्र फिकं पडतं. केअरर पाठवणाऱ्या एजन्सीकडे त्यांच्या हजेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद असेल तर तीही मागा. कौन्सिलकडची फाइल माहितीच्या हक्काखाली, म्हणजे सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्टने, फुकट मिळते. मुदत एक महिना, गुंतागुंतीच्या मागणीला आणखी दोन महिने. वापरात ही मुदत हमखास ताणली जाते, तेव्हा ती मागणी पहिल्याच दिवशी टाका.

‘एजन्सीशी बोला’ असं उत्तर आलं तर खचू नका. केअर कौन्सिलने लावून दिली असेल तर एजन्सीच्या चुकीचं उत्तरही कौन्सिलनेच द्यायचं. केअर क्वालिटी कमिशनला (केअर सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला) जरूर कळवा, मात्र ते अशी वैयक्तिक तक्रार सोडवत नाहीत.

मुदती: घटना घडल्यापासून किंवा कळल्यापासून १२ महिन्यांत तक्रार करायची, कौन्सिलने तीन कामाच्या दिवसांत पोच द्यायची. अंतिम उत्तराला ठराविक दिवस नाहीत, ही या व्यवस्थेची सगळ्यात मोठी उणीव. सहा महिने उलटले तर कारण लेखी द्यावं लागतं, एवढंच. पोच आली की उत्तराची अंदाजे तारीख लेखी मागून घ्या.

उत्तर पटलं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जायचं. फी नाही. कौन्सिलचा निर्णय तुम्हाला किंवा ओम्बुड्समनना स्वतःला पटतो का, हे ते पाहत नाहीत. तो घेताना चूक झाली का, ते पाहतात. त्यामुळे ‘तास कमी दिले’ असं न लिहिता ‘असेसमेंटमध्ये (गरजांच्या तपासणीत) रात्रीची गरज नोंदवलीय, प्लॅनमध्ये ती नाही आणि कारणही दिलेलं नाही’ असं लिहा. काय हवं तेही नेमकं मागा: न झालेल्या भेटींचे कापलेले पैसे परत, नवी असेसमेंट, लेखी माफी. ओम्बुड्समनच्या शिफारशी कायद्याने बंधनकारक नाहीत, तरी कौन्सिलं त्या जवळपास नेहमीच पाळतात.

एक सापळा मात्र महागात पडतो. केअरचे तास थेट कापले असतील आणि कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यूला (निर्णय कायदेशीर होता का, हे कोर्टाकडून तपासून घ्यायला) जायचा विचार असेल, तर त्याची मुदत निर्णयापासून जास्तीत जास्त तीन महिने, तीही विनाविलंब. तक्रार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. अशा वेळी तक्रारीच्या उत्तराची वाट न पाहता कम्युनिटी केअरच्या वकिलाला गाठा; लीगल एड (वकिलाच्या खर्चाला सरकारी मदत) मिळते का, हे तिथेच विचारा. आणि उपाशी ठेवणं, मारहाण, औषध चुकणं असं काही असेल तर तक्रारीचा फॉर्म बाजूला ठेवून त्याच दिवशी कौन्सिलच्या सेफगार्डिंग टीमला (छळ-हेळसांडीपासून संरक्षण देणाऱ्या पथकाला) फोन करा. फोन कामाचा, तो एवढ्याचसाठी.