घरच्या चित्रफितींसाठी डीव्हीडी प्लेअर की ब्लू-रे प्लेअर?

लग्न-मुंजीच्या डिस्क कपाटात आहेत, जुना प्लेअर बंद पडलाय. मग आता कोणता घ्यायचा?

चित्र: आपल्याकडची PAL (आपल्याकडची टीव्ही-पद्धत) डीव्हीडी ७२०×५७६ पिक्सेलची. ब्लू-रे प्लेअर ती मोठ्या टीव्हीवर ताणून दाखवेल, पण मुळात नसलेला तपशील आणणार नाही. कॅमेऱ्यातलं १९२०×१०८० (एचडी) चित्रण ब्लू-रे डिस्कवर उतरवलं असेल, तर मात्र ब्लू-रे प्लेअरच हवा. डीव्हीडी प्लेअर ती डिस्क वाचतच नाही.

काय चालतं: इथेच फसगत होते. ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी चालवतो, पण जुनी व्हीसीडी बरेच ब्लू-रे प्लेअर नाकारतात. स्वस्त डीव्हीडी प्लेअरवर ती सहसा चालते. उलट, पेनड्राइव्हवरची मोबाइलची एच.२६४ (व्हिडिओ लहान करून साठवण्याची पद्धत) फाइल अनेक डीव्हीडी प्लेअरना झेपत नाही. दुकानात स्वतःची डिस्क लावूनच पाहा.

डिस्क अडकली तर लगेच प्लेअरला दोष देऊ नका. घरी बर्न केलेली डिस्क फायनलाइझ (लेखन संपवून बंद) केलेली नसेल, तर ती दुसऱ्या यंत्रावर सहसा उघडत नाही. डिस्कवर कागदी लेबल चिकटवलं की फिरताना तिचा तोल जाऊ शकतो.

खर्च: डीव्हीडी प्लेअर बराच स्वस्त.

फक्त व्हीसीडी-डीव्हीडी असतील तर डीव्हीडी प्लेअर पुरे. टीव्हीला जुळणारं सॉकेट तेवढं बघा. एचडी चित्रण डिस्कवर जपायचं असेल तर ब्लू-रे.