नाक धुण्याची बाटली आणि स्टिरॉइड स्प्रे : सायनसच्या जुनाट त्रासावर काही महिन्यांच्या वापरानंतर

ज्यांचं नाक वर्षातले कित्येक महिने चोंदलेलं असतं, गालफडं जड असतात आणि घशात सतत काहीतरी उतरत असतं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने नाक आतून तपासलं आणि दोन गोष्टी सुरू करून दिल्या: २४० मिलिलिटरच्या दाबायच्या बाटलीने मिठाच्या पाण्याने नाक धुणं, आणि त्यानंतर मोमेटासोन या स्टिरॉइडचा स्प्रे. दोन्ही अजून चालू आहेत. मला चांगलाच फरक पडला. मात्र तो हळूहळू पडला, आणि सगळ्या तक्रारी गेल्या असं नाही.

आधी डॉक्टरांनी जे समजावलं ते सांगते, कारण ते कळल्यावरच मी रोजचं धुणं मनापासून करू लागले. चेहऱ्याच्या हाडांमध्ये सायनसच्या चार जोड्या असतात: गालामागे, कपाळात, डोळ्यांच्या मधोमध आणि नाकाच्या पार मागे. त्या पोकळ्यांमध्ये चिकट द्रव सतत तयार होतो आणि आतल्या त्वचेवरचे अतिसूक्ष्म केस तो नाकाकडे ढकलत राहतात. गालाच्या सायनसचं तोंड तळाशी नसून बरंच वर असतं, म्हणजे तिथला द्रव चढावर ढकलावा लागतो. सूज येऊन ते अरुंद तोंड बंद झालं की द्रव आतच साचतो. त्रास १२ आठवडे किंवा जास्त टिकला तर त्याला जुनाट म्हणतात, आणि जुनाट सायनसमध्ये मुख्य दुखणं ही सूजच असते. अँटिबायोटिकचे कोर्स झाले तरी त्रास का परततो, याचं उत्तर मला इथे मिळालं.

आता बाटलीबद्दल. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा आणि बाटली हळू दाबायची. एका नाकपुडीतून घातलेलं पाणी दुसरीतून बाहेर येतं. अर्धी बाटली एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. पहिल्या वेळी गुदमरल्यासारखं वाटतं, पण धुताना तोंडातून ‘आ’ असा आवाज काढत राहिलं की पाणी घशात कमी जातं. मग नाक अगदी हलक्या हाताने शिंकरायचं. जोर लावला तर पाणी कानाकडे जाऊन दडे बसतात. थोडं पाणी आत राहतंच आणि नंतर वाकल्यावर एकदम टपकतं. म्हणून धुतल्यावर दोन-तीनदा खाली वाकून घ्यावं आणि झोपायच्या तोंडावर धुणं टाळावं. नेतीच्या भांड्यात पाणी आपोआप वाहतं, बाटलीला थोडा दाब असतो. नाक खूप चोंदलेलं असताना मला बाटलीच सोयीची वाटली.

मीठ एका लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे एका बाटलीला साधारण २ ग्रॅम. रक्तातल्या क्षारांशी मिळतंजुळतं प्रमाण असल्याने ते झोंबत नाही. नुसतं साधं पाणी मात्र भयंकर झोंबतं. आयोडीन नसलेलं मीठ घ्यावं, त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला तर आणखी सौम्य लागतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र कसलीही सूट घेऊ नका. निदान एक मिनिट खळखळ उकळून कोमट केलेलं पाणी, नाहीतर डिस्टिल्ड. नळाचं थेट कधीच नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोचला तर जीव घेतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी वापरून दोन माणसं दगावली. अशा घटना अत्यंत दुर्मीळ आहेत, पण पाणी उकळायचे कष्टही फार नाहीत. बाटली रोज धुऊन पूर्ण कोरडी करायची आणि दर तीनेक महिन्यांनी बदलायची.

स्प्रे धुण्यानंतर थोडं थांबून मारायचा. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता कानाच्या दिशेने. पडद्यावरच फवारा बसत राहिला तर रक्त येऊ शकतं. श्वास जोरात ओढायचा नाही. औषधाची चव घशात लागली तर ते नाकात थांबलेलं नाही. सुरुवातीला मला काहीच जाणवलं नाही. या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, एवढा धीर धरायलाच हवा. नाक मिनिटांत मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलीनसारखे थेंब वेगळे. ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिक चोंदतं आणि थेंबांची सवय लागते.

माझ्या बाबतीत सर्वांत आधी सकाळचं घसा खाकरणं कमी झालं. मग गालांचा जडपणा. वास सगळ्यात उशिरा आणि अजून अर्धवटच परतला आहे. कपाळाचं एका बाजूचं ठणकणं, उजेड सहन न होणं, हे मात्र तसंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, ते मायग्रेन आहे. सायनसची डोकेदुखी समजून कितीतरी जण मायग्रेनच सोसत असतात, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

मधे एकदा सर्दी झाली आणि शेंबूड हिरवा झाला. हिरवा रंग पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्यामुळे येतो, विषाणूच्या सर्दीतही येतो. तेवढ्यावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही. दहा दिवसांत काहीच उतार पडला नाही, बरं वाटू लागल्यावर त्रास पुन्हा उफाळला, किंवा ३९ अंश सेल्सिअसच्या वर ताप आणि पूसारखा स्राव सलग तीन-चार दिवस राहिला, तर अँटिबायोटिकचा विचार होतो. माझी सर्दी धुण्यावर आणि विश्रांतीवर गेली.

स्राव एकाच बाजूने येत असेल आणि त्याला घाण वास असेल तर वरच्या दाढा तपासून घ्या. त्यांची मुळं गालाच्या सायनसला जवळजवळ टेकलेली असतात, आणि किडलेली दाढ तशीच राहिली तर नाक कितीही धुऊन उपयोग होत नाही. डोळ्याभोवती सूज, एकाची दोन चित्रं दिसणं, मान ताठ होणं किंवा बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही झालं तर बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. मधुमेह काबूत नसेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर बुरशीचा संसर्गही झपाट्याने पसरू शकतो, त्यामुळे अशा माणसांनी साध्या वाटणाऱ्या चेहरादुखीसाठीही डॉक्टरांना लवकर दाखवावं.