पुठ्ठ्याचे खोके की प्लास्टिकचे डबे?

भाड्याच्या स्टोरेज खोलीत सामान दोन महिन्यांसाठी ठेवायचे असेल तर पुठ्ठ्याची खोकी पुरेशी आहेत. स्वस्त, हलकी, आणि काम झाले की घडी घालून ठेवता येतात. पुस्तकांसाठी मात्र लहानच खोके घ्या. मोठे भरले की उचलताना हमखास तळ फाटतो आणि कंबरही धरते.

मुक्काम वर्षभराचा असेल तर मी प्लास्टिकच्या बाजूने आहे. पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो, मऊ पडतो, आणि एकावर एक रचलेल्या थप्पीत सर्वांत खालचे खोके आधी दबते. शिवाय कसर आणि झुरळांना कागद आणि त्यावरचा डिंक खायला आवडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात हा त्रास खूप कमी होतो.

पण प्लास्टिकचा एक धोका लोक विसरतात, आणि तोच सर्वांत महाग पडतो: ओलावा बाहेरून आत येत नाही, तसा आतून बाहेरही जात नाही. गोधडी किंचित दमट असताना बंद केली, तर काही महिन्यांनी बुरशीचे काळे ठिपके आणि कुबट वास ठरलेला. कपडे कडक उन्हात वाळवा, गार होऊ द्या, मगच भरा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

काचेच्या वस्तूंना दोन्ही चालतात, फक्त मोकळी जागा कागदाने गच्च भरा आणि ताटे उभी ठेवा. खोके असो वा डबा, थेट फरशीवर टेकवू नका. खाली लाकडी फळ्या हव्यातच.