नव्ह-शापेलची रणभूमी सहल: खडकीच्या एका सॅपरचा अभिप्राय

बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे खडकीला केंद्र असलेल्या भारतीय सैन्याच्या इंजिनियर दलात, चोवीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. उत्तर फ्रान्समधील नव्ह-शापेलचे, पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांचे स्मारक एकदा डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा खडकीला रंगरूट होतो तेव्हापासूनची. ती या ऑक्टोबरमध्ये लील शहरातून निघणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या सहलीमुळे पूर्ण झाली.

या सहलीचे सारे मोल तिच्या मार्गदर्शकात आहे. हे गृहस्थ स्वतः फ्रेंच सैन्याच्या इंजिनियर दलातून निवृत्त झालेले. मीही सॅपर आहे हे कळताच त्यांनी नेहमीचे निवेदन थांबवले, गाडी शेताच्या कडेला घेतली आणि ओल्या मातीत काठीने एक नागमोडी रेघ ओढली. शत्रूचा मारा चुकवत तटाच्या दिशेने असा खंदक खणत न्यायचा, त्याला फ्रेंचमध्ये ‘साप’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द आणि त्याचा आकार दोन्ही ओळखीचे वाटावेत! तो खणणारा तो ‘सापर’, आणि तेच आमचे नाव. वोबाँ या फ्रेंच इंजिनियरने 1673 मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात समांतर खंदकांची जी पद्धत वापरली, तिचे धडे आम्हीही गिरवले होते. परंतु ज्यांच्या भाषेतून आपल्याला नाव मिळाले त्यांच्यातल्याच एका सैनिकाकडून, त्यांच्या मातीत ते ऐकताना माझी छाती अभिमानाने भरून आली.

28 ऑक्टोबर 1914 रोजी आमच्या 20 आणि 21 या कंपन्या 47व्या शीख पलटणीसोबत याच गावात शिरल्या. खंदक खणणाऱ्या, पूल बांधणाऱ्या माणसांना त्या दिवशी पायदळाचे काम करावे लागले. घराघरांत हातघाईची लढाई झाली, कुमक न आल्याने मागे फिरावे लागले आणि दोन्ही कंपन्यांचे जवळपास सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. मार्गदर्शकांनी हा प्रसंग नकाशा उघडून, गल्लीगल्लीने, अजिबात घाई न करता सांगितला.

स्मारकाची देखभाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन करते आणि ती निर्दोष आहे. हर्बर्ट बेकर यांनी आखलेल्या या वास्तूचे अनावरण 7 ऑक्टोबर 1927 रोजी फ्रेंच सेनापती मार्शल फॉश यांच्या उपस्थितीत झाले. कमळाच्या शीर्षाचा पंधरा मीटर उंच स्तंभ, दोन वाघ, जाळीची भिंत आणि 4,700 हून अधिक नावे. आमच्या सॅपर्सच्या नावांवरून मी बोट फिरवत गेलो, तेव्हा मार्गदर्शक टोपी काढून शेजारी उभे राहिले.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. स्मारकासाठी जेमतेम चाळीस मिनिटे ठेवलेली आहेत आणि पुढच्या थांब्यावर एका दुकानात तितकाच वेळ जातो. आयोजकांनी तो थांबा गाळून ती मिनिटे स्मारकाला द्यावीत. माजी सैनिकांनी आरक्षण करतानाच आपल्या पलटणीचे नाव कळवावे. मार्गदर्शक तशी तयारी करून येतात.

निघताना मी अभ्यागतांच्या वहीत ‘20 आणि 21 कंपनी, खडकी’ असे मराठीत लिहिले. मार्गदर्शकांनी अर्थ विचारला, पेन मागून घेतले आणि त्याच ओळीखाली आपल्या रेजिमेंटचे नाव लिहिले.