राजकन्यांच्या मूळ गोष्टी: कोणती आवृत्ती कोणासाठी?

चित्रपटातल्या राजकन्यांच्या मूळ गोष्टी फार भयानक आहेत, असं ऐकून पालक ‘मूळ’ पुस्तक शोधायला लागतात आणि गफलत तिथेच सुरू होते. मूळ असं एक पुस्तक नाहीच. सिंड्रेलाच्या तीन ठळक जुन्या छापील कथा आहेत, त्यांतल्या घटना एकमेकींशी जुळत नाहीत आणि त्यांतली एक तर चित्रपटाइतकीच गोड आहे. तेव्हा पुस्तक घेण्याआधी ते कोणाचं, कोणत्या सालचं आणि कोणासमोर वाचायचं आहे, हे ठरवा.

मुख्य नावं चार. नेपल्सचा जांबात्तिस्ता बासीले: त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ दरम्यान पुस्तक छापलं गेलं आणि ते मोठ्यांच्या करमणुकीसाठी होतं. पॅरिसचा शार्ल पेरो: १६९७, दरबारी वळणाचा, प्रत्येक कथेला पद्यातलं तात्पर्य. जर्मनीतले ग्रिम बंधू: १८१२ पासून १८५७ पर्यंत सात आवृत्त्या, प्रत्येक वेळी फेरफार. आणि डेन्मार्कचा हान्स क्रिश्चन अँडरसन. लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिमांच्या शेजारी त्याचं नाव सर्रास घेतलं जातं, पण त्याची ‘छोटी जलपरी’ (१८३७) ही त्याची स्वतःची रचना आहे.

सिंड्रेला: भोपळा की झाड?

डिस्नेचा १९५०चा चित्रपट पेरोवर आहे. भोपळ्याची गाडी, परी, काचेचा बूट, मध्यरात्रीची मुदत, सगळं तिथलं. पेरोच्या कथेत रक्ताचा थेंब नाही. शेवटी सिंड्रेला सावत्र बहिणींना माफ करते, इतकंच नाही तर सरदारांशी त्यांची लग्नंही लावून देते. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी हीच घ्यावी.

ग्रिमांच्या कथेत परी नाही. आईच्या कबरीवर लावलेलं झाड आणि त्यावर येणारा पांढरा पक्षी तिला कपडे देतात. सोन्याचा बूट बसावा म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच, आणि सुरी हातात देणारी त्यांची आईच असते. राणी झाल्यावर चालायचंय कोणाला, असं ती म्हणते. मुलं इथे घाबरतात त्यापेक्षा जास्त हसतात, कारण कबुतरं ‘बुटात रक्त’ असं ओरडून दोनदा लबाडी उघडी पाडतात. खरा धक्का शेवटी आहे: लग्नाच्या मिरवणुकीत तीच कबुतरं बहिणींचे डोळे फोडतात, जाताना एक, येताना दुसरा. हा शेवट १८१२च्या आवृत्तीत नव्हता, १८१९ला घातला गेला. जुनी आवृत्ती म्हणजे जास्त क्रूर, हा समज इथेच कोसळतो. आणि बाप? तो पूर्ण कथाभर जिवंत आहे आणि मुलीसाठी काही करत नाही. मोठ्या मुलांना त्याच्याबद्दल नक्की प्रश्न पडतात. उत्तर तयार ठेवा.

बासीलेची नायिका झेझोल्ला तर खून करून सुरुवात करते. पहिल्या सावत्र आईला पेटीत वाकायला लावून ती झाकण मानेवर आदळते, तेही शिकवणीच्या बाईच्या सांगण्यावरून. मग तीच बाई दुसरी सावत्र आई होते आणि पहिलीपेक्षा वाईट निघते. बिचारी नायिका हवी असेल तर ही कथा घेऊ नका. बोलक्या, चावट, अलंकारिक भाषेची आवड असलेल्या मोठ्या वाचकाला मात्र तिन्हींत हीच रंगतदार वाटेल.

झोपलेली राजकन्या: इथे चूक महागात पडते

बासीलेची तालिया तागाची कुसळ नखात शिरून निपचित पडते. शिकारीला आलेला राजा, ज्याला आधीच बायको आहे, तिच्यावर त्याच अवस्थेत अत्याचार करतो आणि निघून जातो. जुळी मुलं झोपेतच जन्मतात. त्यातलं एक तिचं बोट चोखतं, कुसळ निघते आणि ती जागी होते. पुढे राणी त्या मुलांना शिजवून राजाला वाढायचा हुकूम देते, स्वयंपाकी त्यांना वाचवतो आणि आगीत पडते ती राणीच. मुलांसमोर वाचण्याजोगी ही कथा नव्हेच.

पेरोने अत्याचार काढला, पण मुलं खाण्याचा भाग ठेवला आणि तो सासूकडे दिला. सासू राक्षसीण आहे आणि नातवंडं तिला विशिष्ट फ्रेंच सॉसबरोबर हवी आहेत. शेवटी सापबेडकांनी भरलेल्या पिंपात ती स्वतःच उडी घेते. हा उत्तरार्ध अनेक मुलांच्या पुस्तकांत गाळलेला असतो, त्यामुळे ‘पेरोची कथा’ म्हणून घेतलेलं पुस्तक अर्धंच निघू शकतं. ओळखायची सोपी खूण: नायिकेचं लग्न झाल्यावर कथा थांबली तर ती अर्धी आहे. ग्रिमांच्या कथेत उत्तरार्ध मुळातच नाही, चुंबन आणि लग्नावर ती संपते. काट्यांत अडकून मेलेले आधीचे राजपुत्र एवढाच तिचा काळोख.

कोणाची कथा हे विसरलात तर राजकन्येच्या बारशाच्या पऱ्या मोजा. पेरोकडे सात अधिक शाप देणारी एक, ग्रिमांकडे बारा अधिक एक (सोन्याच्या ताटल्या बाराच, म्हणून तेरावीला आमंत्रण नाही). डिस्नेच्या १९५९च्या चित्रपटात तीन आणि शाप देणारी मॅलेफिसेंट.

हिमगौरी: आई की सावत्र आई?

१८१२मध्ये दुष्ट राणी हिमगौरीची सख्खी आई आहे. १८१९पासून ती सावत्र झाली. मत्सर सुरू होतो तेव्हा हिमगौरी सात वर्षांची. राणी शिकाऱ्याकडे फुप्फुसं आणि यकृत मागते आणि रानडुकराच्या पिलाचे अवयव मुलीचे समजून मीठ लावून शिजवून खाते. १९३७च्या चित्रपटात तिथे पेटीतलं हृदय आलं आणि खाणं गेलं. चित्रपट फक्त सफरचंद दाखवतो, ग्रिमांकडे त्याआधी चोळीची आवळलेली दोरी आणि विषारी कंगवा हे दोन प्रयत्न आहेत. ती जागी होते तीही चुंबनाने नव्हे. नंतरच्या आवृत्त्यांत शवपेटी नेणारे अडखळतात, हिसका बसतो आणि घशातला तुकडा बाहेर पडतो.

शेवटी राणीला तापवलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. चित्रपटात ती कड्यावरून पडते. डिस्नेची ही सवयच दिसते: ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला गॅस्टन पडतो, रॅपन्झेलच्या चित्रपटातली गॉथेल पडते, म्हणजे शिक्षा कोणी दिली हा प्रश्नच उरत नाही. ग्रिमांकडे लोखंडी बूट निखाऱ्यांवर तापवून लग्नमंडपात आणले जातात आणि पाहुणे बघतात. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, पण आठ वर्षांखालच्या मुलासाठी शेवटची दोन वाक्यं गाळायला हरकत नाही. त्यांच्याविनाही कथा पूर्ण होते.

रॅपन्झेल आणि जलपरी

१८१२ची रॅपन्झेल (मनोऱ्यात कोंडलेली, लांब केसांवरून माणसांना वर घेणारी मुलगी) ‘कपडे घट्ट का होतायत’ असं विचारते आणि चेटकिणीला राजपुत्राचं येणंजाणं कळतं. शेवटच्या आवृत्तीत तीच मुलगी ‘तुम्ही राजपुत्रापेक्षा जड कशा’ असं बोलून बसते. गरोदरपणाची सूचना काढली, जुळी मुलं मात्र तशीच राहिली. राजपुत्राच्या डोळ्यांत काटे जाऊन तो आंधळा होतो, तिच्या अश्रूंनी त्याला दृष्टी येते, आणि चेटकिणीला शिक्षा होतच नाही. ग्रिमांच्या शेवटच्या आवृत्तीपासून सुरुवात करायची तर सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हीच सर्वांत सोपी.

‘छोटी जलपरी’ त्याउलट. जीभ कापलेली, प्रत्येक पावलाला सुरीवर चालल्याची वेदना, राजपुत्राचं दुसरीशी लग्न. राजपुत्राला मारून तिने वाचावं म्हणून बहिणी केस देऊन सुरी आणतात, ती त्याला मारत नाही आणि समुद्राचा फेस होते. पण कथा तिथे संपत नाही: ती वायुकन्या होते आणि तीनशे वर्षांच्या सत्कृत्यांनी अमर आत्मा मिळवू शकते. फेसापाशी पुस्तक मिटलं तर मूल रडवेलं होऊन झोपतं, तेव्हा शेवटची पानं त्याच बैठकीत वाचा. कथा लांब आहे, झोपेच्या वेळेला घेऊ नका. अकरा-बारा वर्षांनंतर उत्तम.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’बद्दल एवढंच: मादाम द व्हिल्नव्हची १७४०ची कथा कादंबरीइतकी आहे, मुलांसाठी मादाम द बोमाँचा १७५६चा संक्षेप पुरतो.

विकत घेताना

हिमगौरीला ‘स्नोड्रॉप’ म्हटलं असेल, तर तो बहुधा एडगर टेलरचा १८२३चा इंग्रजी अनुवाद. त्यात लोखंडी बूट नाहीत, राणी संतापाने आजारी पडून मरते. ग्रिमांच्या ‘बेडूकराजा’त राजकन्या बेडकाला भिंतीवर आपटते, तेही टेलरने काढलं. इंटरनेटवर फुकट मिळणारी प्रत अनेकदा हीच असते, आणि ती वाचून ‘ग्रिम काही एवढे भयानक नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. संपूर्ण, शेवटच्या आवृत्तीचा मजकूर हवा तर मार्गारेट हंटचा १८८४चा अनुवाद पाहा, तोही आता हक्कमुक्त आहे. १८१२ची कथा हवी तर जॅक झाइप्सचा २०१४चा अनुवाद विकत घ्यावा लागेल.

यातलं काहीच नको आणि जवळचं काही हवं असेल, तर मेरी फ्रिअरचं १८६८चं ‘ओल्ड डेक्कन डेज’ पाहा. मुंबईच्या गव्हर्नरच्या या मुलीला गोष्टी सांगितल्या ॲना लिबेराता डिसूझा या आयाने. त्यात सूर्याबाई राक्षसाचं नख तळहातात रुतून मेल्यासारखी पडते आणि राजा ते काढून तिला उठवतो. सोदेवाबाईची चप्पल हरवते आणि तिचा जीव सोन्याच्या हारात असतो. सवत दिवसा तो हार घालते, म्हणून सोदेवाबाई दिवसा मेलेली आणि रात्री जिवंत. अत्याचार नाही, डोळे फोडणं नाही, पण सवतींचा मत्सर ग्रिमांच्या राणीच्या तोडीचा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मराठीत सांगत वाचायला या दोन्ही गोष्टी चालतील.