बाटलीवर ठेव की कंपनीकडून प्रमाणपत्र? ठराव लिहिण्याआधी

ओळखीच्या एक बाई एका छोट्या नगरपरिषदेत स्वच्छतेचं काम बघतात. मध्यंतरी त्यांचा फोन आला. "प्लास्टिकचा खर्च कंपन्यांनी उचलावा असा ठराव राज्य सरकारकडे पाठवायचाय. पण मागायचं काय? कोणी म्हणतं बाटलीवर डिपॉझिट लावायला सांगा, कोणी म्हणतं ईपीआर आहेच की, वेगळं कशाला?" फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी जे आहे ते. ईपीआर म्हणजे माल विकणाऱ्यानेच वेष्टनाच्या कचऱ्याचीही जबाबदारी घ्यायची. प्लास्टिक वेष्टनासाठी केंद्राच्या १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचना लागू आहेत. समजा, एखाद्या वेफर्स कंपनीने वर्षाला १०० टन प्लास्टिक बाजारात सोडलं. तर तेवढ्या प्लास्टिकची विल्हेवाट लागली हे तिने दाखवायचं. २०२१-२२ ला हे बंधन २५ टक्के होतं, पुढच्या वर्षी ७०, आणि २०२३-२४ पासून १००. कंपनी स्वतः कचरा गोळा करत फिरत नाही. प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर प्रमाणपत्रं मिळतात, ती कंपनी विकत घेते.

याची जमेची बाजू मोठी आहे. डबा, पिशवी, शाम्पूची पुडी, सगळंच यात येतं, आणि दुकानदाराला काहीच करावं लागत नाही. पण प्रमाणपत्राला गाव नसतं. वेफर्स साताऱ्यात खाल्ले आणि प्लास्टिक गुजरातेत वितळवलं, तरी हिशेब जुळतो. साताऱ्याच्या घंटागाडीचं डिझेल आणि गाडीवरच्या माणसांचा पगार घरपट्टीतूनच जातो. कंपनीने नगरपालिकेला पैसे द्यावेत अशी सक्ती नाही. करार केला तर केला. शिवाय कागद म्हटला की खोटा कागदही आलाच. २०२३ मध्ये मंडळाच्याच तपासणीत सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली, आणि ती काढणाऱ्यांत महाराष्ट्रातला कारखानाही होता.

ठेवीचं गणित याच्या उलट. तिथे पैसा वस्तूला चिकटलेला असतो. निलगिरीत दारूच्या फुटक्या बाटल्यांच्या काचा हत्तींच्या पायात घुसायच्या. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ पासून तिथे प्रत्येक बाटलीवर १० रुपये जादा घेऊ लागले. रिकामी बाटली परत दिली की १० रुपये हातात. बाटल्या परत येऊ लागल्या, आणि पुढे ही पद्धत तमिळनाडूतल्या इतर जिल्ह्यांतही नेली गेली. मात्र एक गोष्ट विसरू नका. तमिळनाडूत दारूचं किरकोळ दुकानही सरकारचंच असतं. ठेव घेणारा आणि परत देणारा एकच, त्यामुळे भांडायला तिसरं कोणी नाही. आपल्याकडे वाइन शॉप खाजगी. रिकाम्या बाटल्या ठेवायला जागा कोण देणार आणि त्या मोजत बसणार कोण, इथूनच सुरुवात होईल.

आपण हे एकदा करून पाहिलंय. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीसाठी किमान ५० पैसे परताव्याची तरतूद होती. मी आमच्या दूधवाल्याकडे धुऊन वाळवलेल्या वीस पिशव्या घेऊन गेलो होतो. त्याने पिशव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, भंगारवाल्याला द्या की." दहा रुपये मिळाले नाहीत, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. दुधाची पिशवी आपल्या घरांत आधीपासूनच साठवली जाते आणि रद्दीबरोबर विकली जाते. जे आपोआप परत येतंय त्यावर ठेव लावून काय मिळवायचं? हरवतं ते पिशवीचं कापून टाकलेलं टोक. ते नखाएवढं असतं, कुठल्याच योजनेच्या हाती लागत नाही. टोक पिशवीला लटकतं ठेवून कापा, हा त्यावरचा फुकटचा उपाय.

गोव्याने २०२४ मध्ये राज्यभरासाठी ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. उद्योगांनी विरोध केला, तो अपेक्षितच होता.

तिसरी वाट अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची. तिचा क्रम मला आवडतो. २०२२ मध्ये कायदा झाला, पण लगेच वसुली नाही. आधी राज्याची गरज मोजली. कुठल्या भागात सुका कचरा उचललाच जात नाही, वर्गीकरण केंद्र किती लांब आहे, किती भर घातली तर किती खर्च येईल. कमी, मध्यम आणि जास्त असे तीन आराखडे मांडले आणि मधला निवडला. खर्च कंपन्यांचा. आपण मात्र टक्केवारी आधी ठरवली, आणि कुठल्या तालुक्याला गठ्ठे बांधायचं यंत्र लागेल हा प्रश्न राहूनच गेला.

म्हणून बाईंना माझं सांगणं: एकच काहीतरी मागू नका. काचेच्या दारूच्या बाटलीला ठेव मागा, विशेषतः गड, घाट आणि समुद्रकिनारे असलेल्या भागात. काचेला भाव कमी आणि वजन जास्त, त्यामुळे भंगारवाला नाक मुरडतो. पाण्याच्या बाटलीची घाई नको. ती कचरावेचक उचलतातच; ठेव फक्त दुकानात परत मिळाली आणि त्यांना दारातूनच हाकललं, तर त्यांच्या पोटावर पाय येईल. वेफर्सचं पाकीट आणि शाम्पूची पुडी यांना ठेव झेपणार नाही. पाच रुपयांच्या पुडीवर किती घेणार? तिथे ईपीआरच, पण एका अटीवर: माल ज्या नगरपरिषदेच्या केंद्रातून गेला, तिचं नाव आणि वजन प्रमाणपत्रावर यावं, आणि प्रमाणपत्राच्या पैशांतला वाटा तिला मिळावा. अशी पाकिटं शेवटी बरेचदा सिमेंटच्या भट्टीत जातात. त्या भट्ट्या चंद्रपूरकडे, आणि कोकणातून तिथवर ट्रकचं भाडंच मालाच्या बोकांडी बसतं.

आणि ठरावाआधी आठ दिवस घंटागाडीतला सुका कचरा वेगवेगळा करून वजनकाट्यावर घाला. काच किती, दूधपिशवी किती, पाकिटं किती. बाई म्हणाल्या, काटा आहे, पण बंद आहे.