वादळानंतर ‘मदरबोर्ड उडालाय’ म्हणून ताईला कसं लुबाडलं

माझ्या मोठ्या बहिणीचं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस वादळवाऱ्यासकट कोसळला, जवळच कुठेतरी वीज पडली आणि रात्रभर लाइट ये-जा करत राहिली. सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. बटण दाबलं तरी ना पंखा फिरे, ना दिवा लागे. अकरावीचे फॉर्म तोंडावर आलेले. दुकान बंद ठेवणं तिला परवडणारं नव्हतं, म्हणून तिने स्टँडजवळच्या एका रिपेअरवाल्याकडे सीपीयू नेऊन दिला.

त्याने झाकणही न उघडता सांगितलं, “ताई, मदरबोर्ड उडालाय. या वादळात सगळ्यांचेच उडालेत.” मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य सर्किट बोर्ड. बोर्ड आणि एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी पुरवणारा आतला डबा) मिळून साडेआठ हजार, तेही रोख. बिल मागितलं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला आणि वहीच्या कागदावर ‘बोर्ड + एसएमपीएस’ आणि आकडा खरडून दिला.

मशीन चालू होऊन आलं, पण ब्राउझरमध्ये दोन-तीन टॅब उघडले की अडकायचं. मी गेलो तेव्हा आधी टास्क मॅनेजर बघितला. मेमरी, म्हणजे रॅम, ४ जीबी! तिच्या मूळ बिलावर ८ जीबीची पट्टी आहे. मग बाजूचं झाकण काढलं. ‘नव्या’ बोर्डावर धुळीचा थर, प्रोसेसरच्या पंख्यात अडकलेली जळमटंसुद्धा जुनीच. बोर्डावर सिरियल नंबरचा स्टिकर असतो आणि बोर्डाचा खोका ताईने माळ्यावर जपून ठेवला होता. दोन्ही नंबर शेवटच्या अंकापर्यंत जुळले. म्हणजे गेला होता फक्त एसएमपीएस, जो साधा घेतला तर हजाराच्या आसपास मिळतो. तिचाच बोर्ड तिलाच विकला आणि वर रॅम बदलून घेतली. रुपया-दोन रुपयांच्या झेरॉक्समधून साठवलेले पैसे होते ते. माझा संताप अजून शमलेला नाही.

असल्या लोकांचं फावतं, कारण वादळाने बोर्ड जाऊ शकतो हे खरंच आहे. खांबावरचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला की २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळपास दाब घरात येऊ शकतो. पण त्याचा पहिला मार बहुतेक वेळा एसएमपीएस खातो. लॅनच्या (इंटरनेटच्या) वायरमधून झटका आला तर बोर्डही जातो. मात्र काय गेलंय, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून मशीन उचलून नेण्याआधी घरी एवढं बघा. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावा. स्पाइक गार्ड (विजेचा झटका अडवणारं एक्स्टेंशन) बाजूला ठेवून थेट भिंतीतून कनेक्शन द्या, कारण त्याचा फ्यूज उडालेला असू शकतो. सीपीयूच्या मागचा छोटा स्विच चालू आहे ना ते पाहा. पॉवर केबल बदला, मॉनिटरची बहुधा तिथे बसते. प्लग काढून पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि मग पुन्हा लावून बघा. तरीही हालचाल नसेल तर जाणकाराकडून दुसरा चालू एसएमपीएस जोडून घ्या. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या आत जीवघेणा चार्ज राहू शकतो.

दुकानात द्यायचंच असेल तर समोर झाकण उघडायला लावून रॅम आणि बोर्डावरच्या नंबरांचे फोटो काढा. काय काय ठेवून घेतलं ते लिहून घ्या. बदललेला जुना पार्ट परत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि डिस्क काढून घरीच ठेवा. ताईच्या डिस्कवर गावातल्या कितीतरी लोकांच्या आधार-पॅनच्या प्रती होत्या आणि ती डिस्क त्या माणसाकडे तशीच पडून होती. मला पैशांपेक्षा याचीच धास्ती जास्त वाटते.

जाब विचारल्यावर ‘पोराने चुकून बदलली’ म्हणत त्याने रॅम परत दिली. बोर्डाचे पैसे द्यायला तयार नाही. खोक्याचा आणि बोर्डाचा फोटो, तो वहीचा कागद, मूळ बिल, सगळं जमवून आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकील करण्याची सक्तीही नाही.